घुंई गेलेली मशीन

...तर मांजराचं कुठवर आलते म्या? हां. विहारातलं ते करडं मांजर रोज भोंग्याच्या मशीनवरच झोपायचं. मशीन चालू झाली की डबा कोमट व्हायचा, आन हे वर अंग टाकून मोकळं. तात्याराव हुसकायचे, ते फिरून यायचं. पण सुगतनं मशीन नवी करून आणल्यापस्नं त्या मांजरानं तिला पाय म्हणून लावला न्हाई. लांब भिताडाला बसायचं आन डोळे बारीक करून डब्याकडं बघायचं. लोक म्हणले, त्याला नवी मशीन वळखंना. सुगत बी हसला. पण हसता हसता त्यानं डब्याकडं बघायचं टाळलं, हे त्यानं लई मागून मला सांगितलं. लिहायलीस का श्रावस्ती? लिही मंग, खाडाखोड करू नको.

सुगत म्हंजी आपल्या पुतळाबाईच्या बहिणीचा ल्योक. आई गेली तव्हा ते रांगत व्हतं. पुतळाबाईनंच त्याला कडंवर घेऊन खुरपणी केली, आन कडंवर घेऊनच विहारात गाणी म्हणली. आता तिचा आवाज तुला काय सांगू? तिनं तोंड उघडलं की रडणारी लेकरं गप व्हायची. सुगत त्या आवाजात वाढला. दुसरी लेकरं चिंचा पाडायची, हे भोंग्याखाली कान लावून बसायचं.

मोठा झाल्यावर त्यानं कळंबला एसटी स्टँडच्या मागं दुकान टाकलं. आदी टीव्ही दुरुस्त करायचा. मंग टीव्ही पापडावानी पातळ झाले, बिघडले की लोक फेकून देऊ लागले. तव्हा त्याच्याकडं राहिले निस्ते भोंगे, माईक आन ॲम्प्लिफायर. आमी त्याला मशीनच म्हणतो. सुगतची एक खोड, कुठला बी डबा उघडला की आदी नाक आत घालायचा. वासावरनं सांगायचा, हा कंडेन्सर फुगलाय, ही वायर भाजलीय. पुतळाबाई चेष्टा करायची, आमच्या सुगतला बायको बी हुंगूनच करावी लागंल.

विहारातली मशीन व्हती वर्गणीची. लोकल माल, स्वस्तातली. दुकानात चांगली बोलली, विहारात आणून लावली की घुंई करायची. कुणी बोलू न बोलू, मागं आपली घुंईऽऽ. पुतळाबाईचे पुढचे दात पडलेले, शब्द निसटायचे, म्हणून ती माईक पार ओठाला लावून गायची. ती घुंई तिच्या कानाशीच. एकदा वंदना झाल्यावर ती सुगतला म्हणली, माझ्या गळ्यात कुणीतरी माशी सोडल्यागत वाटतंय रं, तू येवढा मिस्त्री आन मावशीच्या मशीनचं कायच करंना?

ते त्याला लागलं. चार लोकांसमोर बोलून बसला की घुंई मुळापस्नं काढतो, न्हाईतर नाव सांगत न्हाई.

मशीन कळंबला नेली. लातूरहून चांगल्यातले कंडेन्सर आणले, मोठाले. आवाज वाढवायचे ट्रान्झिस्टर बदलले, आवाजाचं बटण बदललं, आतली कडक वायर काढून मऊ तांब्याची घातली. समदं नवं. निस्ता ट्रान्सफॉर्मर जुना घातला. भंगारातल्या स्टॅबिलायझरचे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर त्यानं जपून ठेवले व्हते, लई जड, जुन्या काळचा माल. त्याला वाटलं, असलं लोखंड आता मिळत न्हाई. त्यातला एक ह्या मशीनला बसवला.

आन विहारात लावली, तर आवाज काय सांगू, पाण्यागत सोच्छ. पण मागं घुंई व्हतीच. बारीक झाली व्हती, पण व्हती. तवर कुणी आलं नव्हतं, तो एकटाच व्हता. मशीन परत पोत्यात घातली आन दुकानाला घेऊन गेला.

पुढचं त्यानं भर दुपारी केलं, शटर अर्धं ओढून. मशीनच्या पिनीला तीन वायरी असत्यात न्हवं का. दोन करंटच्या, तिसरी हिरवी. ती हिरवी जमिनीत जाती. विहारात आपण पाय धुतो न्हवं, तिथंच तिचा खड्डा हाय, मीठ-कोळसा घातलेला. डब्यात कुठं करंट घसरला तर त्याला मातीत न्यायची ती वाट. पण आपल्याकडं त्याच खड्ड्याला बोरच्या मोटरीची वायर बी जोडलेली, आन त्याच वाटंनं घुंई मशीनीत यायची. सुगतला हे कळलं. खड्डा दुसरा खांदायचा, येवढंच काम. पण खड्डा खांदला असता तर लोक म्हणले असते, मंग येवढे पार्ट कशाला बदललास? त्यानं कटर घेतला आन हिरवी वायर आतून तोडली. वरनं काळी टेप गुंडाळली.

घुंई गेली.

विहारात लोकांनी मशीन ऐकली. तात्याराव, ते एसटीत कंडक्टर व्हते म्हणून गर्दीचा आवाज त्यांना चांगला कळतो, ते म्हणले, सुगत, आता माणूस बोलतंय असं वाटतंय, मशीन बोलायलीय असं वाटत न्हाई. पुतळाबाई तर रडलीच. सुगतनं मान खाली घातली. लोकांना वाटलं लाजला.

बोलबाला झाला. मुरुमचा राजशेखर, तो लग्नावऱ्हाडात गाणी म्हणत फिरतो, सोयऱ्याच्या कार्यक्रमाला कळंबला आलता, त्याच्या कानावर बी ते गेलं. त्याची बी तसलीच मशीन. म्हणला, माझी बी अशीच करून द्या दादा, म्या घुंईला लई वैतागलोय. सुगतनं त्याची बी केली. तेच पार्ट, त्याच जोडीतला दुसरा ट्रान्सफॉर्मर. आन हिरवी वायर बी तशीच तोडली, टेप बी तशीच. राजशेखर पेढे देऊन गेला.

मांजराचं ते, म्या आदी सांगितलं ते, ह्याच दिवसांतलं.

मंग उन्हाळा लागला. एकदा पुतळाबाई त्याला म्हणली, 'सुगत, माईकला मुंग्या झाल्यात का रं? ओठावरनं चालत्यात.'

तो म्हणला, 'ताकद वाढलीय न्हवं मशीनची. व्हतंय तसं, मावशी.'

बायांनी चेष्टा केली, पुतळामावशीच्या आवाजातच करंट हाय. पुतळाबाई बी हसली. त्या दिवसापस्नं ती पदर ओठावर घेऊन गाऊ लागली.

लोक निघून गेल्यावर सुगतनं खिशातला टेस्टर काढला आन डब्याला टेकवला. आतला दिवा लागला. मंद, लाल. म्हंजी डब्यात करंट उतरलेला. डबा हुंगला, तर लाख जळल्यागत कडूसर वास. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा आतला लेप भाजत चालला व्हता. त्याला समदं कळलं बघ. त्यानं टेस्टर खिशात घातला. कुणी बघितलं नव्हतं. पण त्यानं तर बघितलं व्हतं.

आता तू म्हणशील, मंग तव्हाच का जोडली न्हाई वायर? अगं, बुद्धपौर्णिमा तोंडावर आलती. येडशीपस्नं लोक यायचे व्हते, निस्ती मशीन ऐकायला. वायर जोडली की घुंई आली, आन घुंई आली की समद्यांना कळणार, की घुंई त्या पार्टांनी गेलीच नव्हती. तो मनाशी म्हणला, पौर्णिमा व्हऊ दे, मंग दुकानात नेऊन खोलतो. माणूस असंच म्हणतंय. बाप बी म्हणतो, आई बी म्हणती, व्हऊ दे येवढं.

मधल्या दिवसांत त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाचा पंखा खोलायचा आन तसाच ठेवायचा. जेवताना मावशीच्या ओठाकडं बघायचा. ती म्हणायची, काय बघायलास, दात उगवलेत का मला?

पौर्णिमेच्या सकाळी बायांनी विहाराची फरशी घागरीनं धुतली. उन्हाळ्याचं पाणी, तरी हात आखडला न्हाई कुणी. समदे पांढऱ्या कपड्यात, अनवाणी. पुतळाबाई बी खराटा मारून तशीच आली, लुगड्याचा काठ वला, पाय वले. सुगतनं ते वले पाय बघितले आन घरी पळाला. लाकडाची फळी आणली, माईकसमोर ठेवली. म्हणला, मावशी, हिच्यावर उभं राहा.

पुतळाबाईनं फळीकडं बघितलं, मंग लोकांकडं. आपल्या विहारात कुणाला उंच आसन नसतं, ठावं हाय न्हवं तुला? भाषणाला मोठा माणूस आला तरी तो फरशीवरच बसतो.

ती म्हणली, 'समदे खाली, आन म्या एकटी फळीवर? असलं कव्हापस्नं शिकलास? काढ ती.'

'मावशी, राहू द्या. पाय वले हायेत तुमचे.'

'समद्यांचेच वले हायेत.'

तिथं बोलायचं व्हतं बघ त्यानं. एकच वाक्य. पण समोर येडशीचे पाव्हणे बसलेले, तात्याराव कालपस्नं त्यांना सुगतचंच सांगत व्हते. तो खाली वाकून फळीच सरळ करत राहिला. तात्यारावांनीच फळी उचलून भिताडाला लावली.

सुगत मशीनजवळ बसला, पिनीच्या वायरीवर हात ठेवून. विहार शांत. घुंई न्हाई, कायच न्हाई. त्याला वाटलं, ती घुंई असती तर बरं झालं असतं. मांजर दारातनं आत आलं, मशीन बघितली आन तसंच मागं फिरलं. मंग त्याला वास आला. तोच, लाखेचा, पण आता दाट.

पुतळाबाईनं पदर सारला, माईक हातात धरला आन ओठाला लावला. पहिला शब्द निघाला. दुसरा अर्धाच. लोकांना वाटलं, मावशी दम घेत्यात. समदे हात जोडून वाट बघत बसले. तिचे डोळे उघडे व्हते, आन माईक धरलेली मूठ सुटंना.

सुगतनं वायर हिसकली, बोर्डासकट उपटून आली. पुतळाबाई पडली. पांढरं लुगडं वल्या फरशीवर पसरलं, आन माईक तरी मुठीतच.

जीपमधनं दवाखान्यात नेली. जगली. म्या तुला आदीच सांगते, तू रडू नको. जगली. पण उजव्या हाताची बोटं मिटलेली ती मिटलेलीच राहिली, आन खालच्या ओठाला काळा डाग पडला.

दवाखान्याच्या अंगणात लोकांनी ठरवूनच टाकलं, की लाइनचा दोष हाय, सकाळपस्नं कमी-जास्त व्हत व्हती. जवान पोरं वायरमनच्या घरी जायला निघाली, त्याला वढून आणतो म्हणली. सुगत गप राहिला असता तर पचलं असतं, खरं सांगते. पण वायरमनच्या घरचं त्याच्या डोळ्यापुढं आलं असंल. तो आडवा झाला.

म्हणला, 'लाइन चांगली हाय. हिरवी वायर म्या तोडली. ती असती तर निस्ता फ्यूज उडला असता.'

तात्यारावांनी पोरांना हातानं मागं सारलं. मंग इचारलं, 'आन ते नवे पार्ट?'

'चांगले हायेत, तात्या. घुंई त्यांनी गेली न्हाई.'

कुणी त्याला मारलं न्हाई, शिवी बी दिली न्हाई. निस्ते एक-एक करून बाजूला सरकले. त्याला मार परवडला असता.

पुतळाबाई बोलाया लागली तव्हा तो पायाशी बसला व्हता. त्याला वाटलं, आता मावशी इचारणार, का केलंस. तिनं ते इचारलंच न्हाई. ओठ जड, शब्द वढून वढून काढले.

'राजशेखरची मशीन बी तूच केलीस न्हवं?'

सुगत ताडकन उठला. त्याच्या ध्यानातच नव्हतं ते. अंगणातच फोन लावला, तर बंद. तसाच गाडीवर बसून मुरुमला गेला. तिथं कळलं, राजशेखरनं घर सोडलंय, बायकोच्या माहेराला गेलाय, सीमेपल्याड कर्नाटकात, आळंदच्या बाजूला. गावाचं नाव कुणी एक सांगितलं, कुणी दुसरं. एक म्हातारी म्हणली, आवाज लई गोड झालाय त्याच्या मशीनचा, लांबलांबनं बोलावत्यात आता.

तव्हापस्नं सुगतचं असं झालंय बघ. इथल्या विहारात दुसरा खड्डा खांदला, वायर जोडली, तो ट्रान्सफॉर्मर फोडून टाकला. तरी दुकान अर्धा दिवस बंद. उमरगा, मुरुम, पल्याडची गावं, गाडीवर फिरतो. कुठं मांडव दिसला, भोंगा वाजला की गाडी थांबवतो. घुंई ऐकू आली की त्याचा जीव भांड्यात पडतो, आन आवाज सोच्छ असला की पळत मांडवात शिरतो, मशीनचा डबा हुंगतो. लोक वेडा म्हणत्यात. एका मांडवात तर चोर म्हणून धरला व्हता.

पुतळाबाई आता गात न्हाई. गळा शाबूत हाय, पण माईक बघितला की मिटलेली बोटं पदरात घेती. सांजच्याला दारात बसती आन त्याची गाडी आली की निस्तं बघती. तो मान हलवतो, न्हाई म्हणून. ती ताट वाढती. दोघं जेवत्यात. पल्याड कुठंतरी आता राजशेखर माईक ओठाला लावत असंल का, हे दोघांच्या बी मनात असतं.

म्हणून हे लिहायला लावलंय. जो कुणी हे वाचंल त्यानं आळंद-मुरुमकडं जाणाऱ्या माणसाला सांगावं, एसटीतल्या कंडक्टरला सांगावं, पाव्हण्याला फोन करावा. लग्नात गाणारा राजशेखर, मूळचा मुरुमचा, त्याला येवढंच सांगा, की मशीनची पिन आदी काढ. डबा उघड, काळ्या टेपखाली हिरवी वायर तुटलेली हाय, ती जोडून घे, ट्रान्सफॉर्मर फेकून दे. तवर माईकला ओठ लावू नको. आन मुंग्या आल्या तर त्या मुंग्या न्हाईत, असं सांगा त्याला.