गायरानातल्या विहिरीचे बुडबुडे

आमच्या गल्लीत कालपासून बोअर घेतायत. खिडकीतून दगडाच्या ओल्या भुकटीचा वास आला आणि मी नेकनूरजवळच्या आमच्या शेतात जाऊन उभी राहिले. गावात केबल टीव्ही आला ते वर्ष. मी नवी सून, डोक्यावर पदर, हातात गुळाचं ताट.

सासऱ्यांना ऊस लावायचा होता. मशीन धडधडत होतं. राखाडी चिखलासकट पाणी उसळलं, तसे सासरे म्हणाले, "सुनेचा पायगुण." मी हरखून गूळ वाटत सुटले.

तेवढ्यात शेजारच्या गायरानातून रामा धनगर पळत आला. त्याची मेंढरं तिथल्या विहिरीवर पाणी प्यायची. "मालक, हिरीत बुडबुडे यायलेत. पाणी दुधावानी पांढरं झालंय. मेंढरं तोंड लावंनात."

सासरे हसले. "आरं, मशीनची हवा तिकडं निघायलीय, झरा एकच हाय. लई पाणी लागलंय. सूनबाई, गूळ द्या त्याला."

आमच्या बोअरनं ती विहीर आता आटणार, हे तिथं उभ्या सगळ्यांना कळलं होतं. मलाही. तरी मी ताट पुढं केलं. रामानं हात धोतराला पुसले, दोन्ही हातांनी गूळ घेतला आणि म्हणाला, "लक्षुमी आली मालक, तुमच्या घरात."

तो टोमणा असता तर आज इतकी लाज वाटली नसती. तो मनापासून म्हणाला होता.