रोव्हर्सचा पाट

हमरापुरात क्लबतात्यांच्या कारखान्यात गणपतीला निळा शेला मिळत नसे. लाल घ्या, हिरवा घ्या, अगदी जांभळा म्हणालात तरी तात्या कुरकुरत का होईना, रंगवून देत. पण गिऱ्हाइकाच्या तोंडून ‘निळा’ हा शब्द निघाला की ते कुंचला पाण्यात ठेवत आणि फार गोड आवाजात म्हणत, “निळा नाय मिळनार. शेजारी जावा.” खांब गावाहून आलेल्या एका गृहस्थांनी फळीवरचा निळ्या रंगाचा भरलेला डबा बोटानं दाखवला, तर तात्यांनी डब्यावर ओलं फडकं टाकलं आणि “कुठं हाय?” असं त्यांनाच विचारलं. गृहस्थ बिचारे शेजारच्या कारखान्यात गेले. इंग्लंडात एल्डरविक रोव्हर्स नावाचा एक फुटबॉल क्लब आहे, त्याच्या नदीपलीकडच्या वैऱ्यांचा रंग निळा आहे, आणि ते वैर इकडे पेण तालुक्यात सांभाळलं जातंय, हे त्यांना कुणी सांगायचं?

मी सांगू शकले असते. कारण हा रोग गावात आणला एका साहेबानं, पण तो वाढवला मी.

रोह्याजवळ तेव्हा नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत मी टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. आठवडाभर रोह्याला मावशीकडे राहायचं आणि शनिवारी एसटीनं पेणवरून हमरापूरला घरी, असा माझा क्रम. कंपनीत बॉयलर बसवायला एक इंग्रज फिटर आला होता. मॅनेजर म्हणाले, “सुमनबाई, साहेबांना तुमच्या गावचे गणपती दाखवून आणा.” मी त्याला आमच्या शेजारी तात्यांच्या कारखान्यात नेलं. तात्या आखणी करत होते. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. आमच्याकडे माती कुणीही मळतं, रंगही घरोघरच्या बायका देतात, पण आखणीचे हात गावात मोजके. तात्या श्वास रोखून एक रेघ ओढत, मग श्वास सोडत आणि शेजारच्या मूर्तीकडे वळत. साहेब उलट्या घमेल्यावर बसला तो संध्याकाळच्या गाडीपर्यंत उठला नाही. दोघांत एक शब्द झाला नाही. रोहा सोडून जाताना मात्र त्यानं तात्यांसाठी माझ्याकडे एक जाडजूड पुस्तक दिलं. त्याच्या गावच्या क्लबचा इतिहास होता तो. तात्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, कपाळाला लावलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “वाच,” म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून माझे शनिवार रोव्हर्सच्या नावे गेले. तात्या पितांबर रंगवायचे आणि मी इंग्रजीतून मराठी करत वाचायची. चामड्याच्या कारखान्यातल्या अकरा कामगारांनी क्लब काढला, पहिला कप्तान खाटीक होता, बोट मोडलेलं असताना गोलकीपर कसा उभा राहिला, सगळं. क्लबच्या कमिटीच्या बैठकांचं एक कंटाळवाणं प्रकरण होतं, ते मी हळूच उलटलं. तात्यांनी मान वर न करता विचारलं, “चार पानं कवा वाचलीस गो?” त्यांना पानांचा आवाज मोजायची सवय लागली होती. मला मागं जाऊन कमिटीचा ठराव न् ठराव वाचावा लागला, आणि तात्यांना तो भाग भारी आवडला. “भांडनं झाली म्हंजे कमिटी खरी हाय,” म्हणाले.

तात्यांनी जन्मात फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय हे मलाच धड कळलं नव्हतं, तरी मी हातवारे करून सांगितलं. तात्या म्हणाले, “म्हंजे वाढप यायच्या आधीच पंगतीत पुढं जाऊन बसायचं. उठवायलाच पायजे त्याला.” रोव्हर्सचं मैदान नदीकाठी होतं आणि दर दोन-चार वर्षांनी त्यात पाणी शिरायचं. ते वाचलं त्या दिवशी तात्यांनी कुंचला ठेवला. त्यांची सासुरवाडी खाडीकडची. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. “आपलीच मान्सं हायत गो ही,” एवढंच म्हणाले. मला वाटतं, क्लब खरा त्यांचा झाला तो तेव्हा.

मग त्यांच्या खोड्या सुरू झाल्या. रोव्हर्सचा सदरा डाळिंबी, चड्डी पिवळी. गिऱ्हाइकानं रंग सांगितला नसेल तर तात्या पितांबर पिवळा करायचे आणि शेला डाळिंबी. एका वर्षी तर निम्म्या रोह्यात रोव्हर्सचे गणपती बसले. मावशीकडच्या आरतीला मी हसू दाबत उभी होते आणि मावशी मला डोळे वटारत होती. आता कुणाला काय सांगणार?

साहेब वर्षातून एक-दोन पत्रं पाठवायचा. तात्या ती माझ्याकडून पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर मराठीत लिहून घेत. इतिहास अर्धवट ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम. अशाच एका मे महिन्यात पत्र आलं: हंगामाचा शेवटचा सामना उरलाय, हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार, आणि तिथून आमच्यासारखा गरीब क्लब वर येत नसतो. तात्या ताडकन उठले आणि हात धुऊन देवापुढे उभे राहिले. “क्लब वर राहिला, तर क्लबच्या नावाचा गनपती बसवीन. क्लबच्याच पाटावर बसवीन.”

“तात्या, पत्र बारा दिवसांपूर्वीचं आहे. सामना कधीच होऊन गेला.”

“निकाल तुला ठाव हाय?”

“नाही.”

“मला?”

“नाही.”

“मंग? देवाला काय पोस्टमनची वाट बगावी लागते? मी आज नवस बोलनार ते त्याला तवाच ठाव असनार!”

पुढच्या पत्रात निकाल आला. रोव्हर्स जिंकले होते, तेही शेवटच्या मिनिटाला. चेंडू त्यांच्या कुणी मारलाच नव्हता, समोरच्याच एका खेळाडूच्या पाठीला लागून तो आत गेला होता. तात्यांनी माझ्याकडे ‘बगितलंस?’ अशा नजरेनं पाहिलं.

पण काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, नेमकं बोट ठेवलं. “क्लबचा पाट कुठून आननार ओ?” आमच्याकडे नुसती मूर्ती उचलून आणत नाहीत. घरचा पाट आधी कारखान्यात जातो, त्याला यजमानाच्या नावाची चिठ्ठी लागते, मूर्ती त्या पाटावर बसून घरी येते. विसर्जन झालं की पाट मूठभर वाळू घेऊन एकटा परत येतो आणि वर्षभर भिंतीला टेकून राहतो. दुसऱ्याच्या पाटावर बसवला तर गणपती त्या दुसऱ्याचा होतो. तात्या नवसाच्या भरात बोलून गेले होते, आता माघार नव्हती. “लिही गो क्लबला,” म्हणाले. “म्हनावं, तुमचं काम झालंय. एक पाट पाठवा.”

मी लिहिलं, सोमवारी रोह्याला नेलं, ऑफिसात टाइपही केलं. आणि मग वाचून पाहिलं. इंग्लंडातल्या एका जुन्या, प्रतिष्ठित क्लबकडे आम्ही लाकडाची फळी मागत होतो! मला लाज वाटली. खरं सांगते, तात्यांची नाही, माझीच. हे लोक आपल्याला काय समजतील? मी पत्र टेबलाच्या खणात टाकलं. शनिवारी तात्यांनी विचारलं, “पाठवलंस?” मी “हो” म्हणाले.

दोन चतुर्थ्या गेल्या. रोव्हर्सचा गणपती रंगून तयार होता, डाळिंबी शेला, पिवळा पितांबर, फक्त डोळे नव्हते. पाट आल्यावरच आखणी करायची म्हणून तात्यांनी तो फडक्याखाली वरच्या फळीवर ठेवला होता. दर शनिवारी मी अंगणात पाय ठेवला की प्रश्न यायचा, “आला का?” नंतर तात्या चिडायला लागले. “इसरली! काम झालं नि इसरली!” क्लबची त्यांनी सालटी काढली. कमिटीला शिव्या, पहिल्या कप्तानाला शिव्या, ज्या गोलकीपरचं नाव निघालं की हात जोडायचे त्यालासुद्धा, “बोट मोडलं ते बरंच झालं!” मी खाली मान घालून ऐकायची आणि मनात हसायची. हो, हसायचीसुद्धा. तेव्हा मी तशीच होते.

मग तात्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाची बशी हलायची, नंतर कुंचला. आखणीची रेघ एकदा फिसकटली की मूर्ती गेली, म्हणून गावानं हळूहळू डोळ्यांचं काम दुसऱ्यांकडे नेलं आणि तात्यांकडे मूर्तीखालच्या बैठका रंगवायचं काम आलं. काकी म्हणाल्या, “नवस लटकलाय, दुसरं काय!” तात्या एरवी अशा बोलण्यावर काहीतरी तिरकं बोलले असते. त्या दिवशी ते आपल्या हाताकडे बघत राहिले. त्यांना पटलं होतं. त्यांच्या हाताचं खरं कारण डॉक्टरला ठाऊक, पण देवाचं काम आपण टाळलं असं त्या माणसाला माझ्यामुळे वाटत होतं.

सोमवारी मी खण उघडला. तात्यांचं पत्र जसंच्या तसं, आणि सोबत माझं एक पान, साहेबाच्या घरच्या पत्त्यावर पाठवलं. नवस, पाट, फडक्याखालचा गणपती, थरथरणारा हात आणि माझा खण, सगळं लिहिलं. मग रोह्याच्या पोस्टात पेटीत न टाकता खिडकीवर दिलं आणि शिक्का बसलेला बघूनच बाहेर पडले.

पार्सल आलं ते बोटीनं, चतुर्थीच्या चार दिवस आधी. पेणच्या पोस्टातून मी ते सोडवलं आणि एसटीत मांडीवर घेऊन हमरापूरला आणलं. गोणपाट उसवलं तर आत दीड हात लांबीची फळी. वर झिजलेल्या पिवळ्या रंगात आकडा, ४७. साहेबानं लिहिलं होतं: आमच्या मैदानातली जुनी लाकडी बैठक या उन्हाळ्यात पाडली. क्लबचा सेक्रेटरी तुमचं पत्र वाचून आधी हसला. मग त्यानं ते कमिटीत दोनदा मोठ्यानं वाचलं आणि माझ्या हातात पहार दिली. ही जागा माझ्या वडिलांची, त्यांच्यामागे माझी. खालच्या बाजूला च्युइंगम चिकटलंय त्याबद्दल क्षमा असावी.

काकींनी च्युइंगम खरवडलं आणि फळीवर गोमूत्र शिंपडलं. तात्यांनी फळी नाकाशी नेली. “साग नाय,” म्हणाले, “पन बसनारा दमदार हुता.” आणि मग मला रडू आलं. मी खणाचं सगळं सांगून टाकलं. काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तात्यांनी फळी खाली ठेवली.

“म्हंजे,” म्हणाले, “मी दोन वर्सं त्या लोकांना उगाच शिव्या घातल्या?”

“हो.”

“गोलकीपरलासुदिक?”

“हो, तात्या.”

“मंग बस खाली. लिही माफीचं पत्र. एकेकाचं नाव घेऊन लिही. खाटकापासून सुरू कर.”

जे लोक मरून सत्तर-ऐंशी वर्षं झाली होती त्यांची मी त्या दुपारी नावानिशी माफी मागितली. ते पत्र होईपर्यंत तात्यांनी मूर्तीला हात लावला नाही. मग गणपती पाटावर ठेवला, चिठ्ठी लावली आणि कुंचला घेतला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला. पहिला डोळा पूर्वीसारखा आला. दुसऱ्याची बाहुली किंचित बाजूला सरकली. तात्या मागं सरकून बघत राहिले.

“बरोबर हाय,” म्हणाले. “चेंडू तिकडं हाय.”

तात्यांनी काढलेले ते शेवटचे डोळे. हात काही थांबला नाही. काकी देवावर रुसल्या, तर तात्याच समजूत घालायला लागले, “अगो, नवस क्लबसाठी हुता. हातासाठी कुठं बोललो हुतो?” विसर्जनानंतर पाट वाळू घेऊन परत आला तो त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला. “यजमान लांब ऱ्हातात. तू ठेव. दोन वर्सं कागद ठेवलास खनात, आता ह्यो ठेव.” यजमानाकडे पाट असला की दर वर्षी गणपती आलाच पाहिजे. म्हणजे मला जन्मठेप झाली, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले.

बऱ्याच वर्षांनी साहेबाच्या मुलीचं पत्र आलं. साहेब गेला होता, क्लब बंद पडला होता आणि मैदानावर दुकानं झाली होती. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी ते मराठीत लिहिलं. तिला मात्र कळवलं की सत्तेचाळीस नंबरची जागा अजून आहे आणि ती दर वर्षी भरते.

पाट माझ्याबरोबर रोह्याला असतो. दर वर्षी मी तो एसटीनं हमरापूरला नेते. कारखाना आता तात्यांचा पुतण्या चालवतो, डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून. चिठ्ठीवर ‘रोव्हर्स’ लिहायची त्याला सवय झाली आहे, का ते तो विचारत नाही. परवा मात्र रंगाचा नवीन डबा उघडत म्हणाला, “मावशी, यंदा सगळे निळाच शेला मागतायत. तुमचा पन निळा करू?”

मी काही ठरवलं नव्हतं. माझा हात आपसूक खुंटीवरच्या ओल्या फडक्याकडे गेला, ते मी त्या डब्यावर टाकलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, “निळा नाय मिळनार.”