फ्रेमबाहेरची गादी

त्या वर्षातल्या दोनच गोष्टी आता माझ्याजवळ उरल्या आहेत. उजव्या हाताचं पुरतं न वळणारं मधलं बोट आणि एक व्हिडिओ कॅसेट. कॅसेट लावायला घरात यंत्र नाही, आणि बोटाचं आता काही होण्यासारखं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. शाळेत शिकवत होतो. एक वर्ष बिनपगारी रजा टाकली आणि दगडांवर चढत फिरलो. डोंगर नाही, किल्ले नाहीत. माळावर, नाल्याकाठी पडलेले दोन-तीन पुरुष उंचीचे सुटे धोंडे, दोर न बांधता, नुसत्या हातापायांनी चढायचे. असं सांगितलं की गावातली माणसं जरा थांबायची आणि विचारायची, "वर काय शे?" वर काही नसायचं. पहिले काही महिने मी समजावून सांगत असे, नंतर कंटाळा आला आणि नुसती मान हलवायला लागलो.

सोबत कॉलेजातला मित्र. धुळ्यात त्याचा स्टुडिओ होता, पोट लग्नाच्या शूटिंगवर चालायचं. मुहूर्त नसले की कॅमेरा रिकामा, आणि तो रिकामा असला की आम्ही निघायचो. तासाभराची फिल्म करायची, असं ठरलं होतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारणारही नव्हतं.

पडलो तर हाडं शाबूत राहावीत म्हणून पिंजाऱ्याकडून एक जाडजूड गादी भरून घेतली. खोळीला कापड मिळालं ते गुलाबी फुलांचं. तिची वळकटी एसटीच्या टपावर चढवायची आणि उतरवायची, यातच माझा निम्मा जोर जायचा. चाळीसगावच्या स्टँडवर एका कंडक्टरने फार मायेने विचारलं, "पेशंट कुठाय?" मित्राने माझ्याकडे बोट दाखवलं. घामाने बोटं सटकू नयेत म्हणून खिशात कॅरमची पावडर असे. जामनेरकडच्या टेकड्या झाल्या, धुळ्याजवळच्या झाल्या. ऊन तापलं की दगडाला हात लावायची सोय नाही, म्हणून सकाळचे दोन तास चढायचं आणि उरलेला दिवस बाभळीच्या विरळ सावलीत बसून काढायचा. माघ उजाडेपर्यंत मला दगडांचा, स्टँडांचा आणि खरं सांगायचं तर मित्राचाही वीट आला होता. तरी सोडवत नव्हतं, कारण घरी भाऊ होता.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. चोपड्याकडे आमची केळीची शेती. एरवी सुट्टीच्या दिवशी मी हाताशी असायचो. त्या वर्षी माझ्या वाटचं कामही त्याच्यावर पडलं. तो एकदाच बोलला. "दगडवर चढीसन काय पिकस?" त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. त्याने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. मला त्याला फिल्म दाखवायची होती. अंगणात टीव्ही मांडून, त्याला खुर्चीवर बसवून. आपला भाऊ वर्षभर उंडारत नव्हता, एवढं त्याला कळलं की मला पुरे होतं.

फिल्मचा शेवट कोणत्या दगडावर करायचा, हे पहिल्यापासून पक्कं होतं. आमच्या शेताजवळच्या नाल्यात एक काळा धोंडा आहे, वरच्या बाजूला पोट सुटलेला. कॉलेजात असल्यापासून मी त्या पोटाखालून माघारी येत होतो.

फाल्गुनातल्या एका सकाळी मुहूर्त लागला. केळी कापायला जाता जाता भाऊ आमचा डबा घेऊन आला आणि आमच्याकडे पाठ करून निंबाखाली बसला. मी दोनदा चढलो, दोनदा गादीवर आपटलो. मित्र कॅमेऱ्यामागून म्हणाला, "गादी काढ रे. शेवटच्या सीनला ही गुलाबी फुलं नकोत. लग्नाचा जानवसा वाटतो." मीही शहाणा, हो म्हणालो. आम्ही गादी फ्रेमबाहेर ओढली.

तिसऱ्या वेळी पोटाखालची खाच धरली. मधलं बोट तिच्यात अडकलं, सगळं वजन त्याच्यावर आलं, आणि पऱ्हाटीची काडी मोडावी तसा आवाज झाला. पण तोवर डावा हात वरच्या कडेवर पडला होता. वर जाऊन बसलो. आनंद झाला, असं लिहायला हवं. खरं म्हणजे आता पुन्हा चढायचं नाही, याचंच बरं वाटलं.

मागच्या उतरत्या बाजूने खाली आलो. भाऊ निंबाखाली डबा सोडत होता. "जायं का तुनं? चाल, जेवी ले," एवढंच म्हणाला. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही, हे मला फार लागलं. मी त्याच्याकडे पाठ करून जेवलो.

आठ दिवसांनी, बोटाला पट्टी बांधून, धुळ्यात मित्राच्या स्टुडिओत कॅसेट पाहिली. मी खाच धरतो. पाय सुटतात. आणि नेमका तिथे कॅमेरा माझ्यावरून निघून खाली वळतो. पुन्हा वर येतो तेव्हा मी वर बसलेला. मधलं काहीच नाही.

मी भडकलो. मित्र खाली मान घालून म्हणाला, "सवय रे. अंतरपाट निघताना मी नवरा-नवरी घेतच नाही, मुलीच्या आईकडे वळतो. हात आपोआप गेला." बोट पुन्हा तसं वळणार नव्हतं, तो दगड पुन्हा होणार नव्हता. फिल्म तिथेच संपली. मी त्याला कॅसेट मागे फिरवून तोच भाग पुन्हा लावायला सांगितला, आणखी शिव्या द्यायला म्हणून.

मग कॅमेरा खाली कुणाकडे वळला होता, ते मी नीट पाहिलं.

भाऊ होता. धोंड्याच्या अगदी बुडाशी, चप्पल सोडून उभा. फ्रेमच्या वरच्या कडेला माझा लोंबता पाय डावीकडे गेला की खाली तो अर्धं पाऊल डावीकडे सरकत होता. दोन्ही हात वर, उजवा खांदा पुढे काढलेला, त्यावर उपरण्याची घडी. कापणाऱ्याने घड सोडला की तो खांद्यावर झेलायला केळीत माणूस उभा राहतो, तसा. माझे पाय वर दिसेनासे झाले तसे त्याने हात खाली घेतले, चप्पल घातली आणि तो निंबाकडे चालू लागला. मित्राने यंत्र बंद केलं.

घरी गेलो तेव्हा भाऊ केळीला पाणी देत होता. मी बांधावर जाऊन विचारलं, त्या दिवशी तू खाली का येऊन उभा राहिलास.

त्याने फावड्याने एक बारं फोडलं, पाणी पुढच्या सरीत जाऊ दिलं. मग म्हणाला, "तठे गादी नव्हती ना."