छपरावरचं ऊन

मी रागीट आहे, सगळ्या विद्यापीठाला ठाऊक आहे. 'मॅडम आल्या' म्हटलं की व्हरांडा रिकामा होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं. पण ऑक्टोबरातल्या त्या दुपारी रागवायला मला माणूसच सापडेना. ती दुपार अजून मनातून जात नाही.

मी मत्स्यशास्त्र शिकवते. विद्यापीठाचं आमचं केंद्र रत्नागिरीत सड्यावर, उघड्या कातळावर आहे. सावलीला झाड नाही, तेव्हा सौर पॅनेलला याहून चांगली जागा कुठली? पॅनेल आले आणि मागचा डिझेल जनरेटर गेला. गेला ते बरंच झालं, मेला सुरू झाला की नुसता धूर ओकायचा. त्या जागी कुंड्या मांडून फोटो काढायची सोय झाली. जिन्यापाशी एक स्क्रीन लागली: आज किती वीज तयार झाली, तिच्यामुळे किती झाडं वाचली. आता लाईट गेली तरी फिकीर नाही, असं संचालकांपासून शिपायापर्यंत सगळे धरून चालले. मीसुद्धा.

आमच्या प्रयोगशाळेत क्लाउनफिशची एक जोडी होती. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, नर एवढासा आणि मादी चांगली थोराड. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीने ती जोडी जिवापाड सांभाळली होती. संगमेश्वराकडच्या खेड्यातली पोर, वडील मुंबईला नोकरीला. तिचं सगळं काम या जोडीच्या पिल्लांवर अवलंबून होतं, आणि जोडी काही दाद देत नव्हती. मादी उठसूट नराच्या अंगावर धावून जायची. "अगदी तुमच्यासारखी आहे मॅडम," असं ही पोर तोंडावर म्हणायची. दुसऱ्या कुणाचं मी ऐकून घेतलं नसतं.

शेवटी नवरात्रात मादीने टाकीतल्या कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. नर तिथून हलेना. पर हलवून हलवून तो अंड्यांवर सारखं ताजं पाणी ढकलायचा. हळूहळू अंड्यांत बारीक चंदेरी डोळे दिसायला लागले. आज-उद्या पिल्लं बाहेर येणार, म्हणून पोरगी घरीसुद्धा गेली नाही.

त्याच संध्याकाळी गडगडाटी पाऊस झाला, खालच्या वळणावर एक वड तारांवर पडला आणि लाईट गेली. बॅटरीवरचे हवेचे पंप सकाळपर्यंत कसेबसे टिकले. "घाबरू नको गो, ऊन आलं की सोलर चालू होईल," मी म्हटलं.

ऊन आलं. काय ऊन! कातळाकडे बघवेना. पंप मात्र गप्पच.

सोलरच्या इंजिनिअरला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, लाईनची वीज गेली की आपली सिस्टीम आपोआप बंद होते. नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावरचा माणूस मरेल."

आमच्या खिडकीतून खांबावर चढलेला लाईनमन दिसत होता. मी फोन ठेवला. पॅनेल बसवताना आमच्यापैकी कुणी हे विचारलंच नव्हतं. मंडपवाल्याचा जनरेटर मागवला, तर रस्त्यात तोच वड आडवा.

मग तांबे घेतले. टाकीतलं पाणी उचलायचं आणि उंचावरून सोडायचं, तेवढीच हवा मिसळते. पोरगी, मी आणि शिपाई, आळीपाळीने. पाणी कोमट होत चाललं. मादी वर येऊन तोंड वासायला लागली. पोरगी तिला समजावत होती, "थांब गो बाय, येतेय लाईट, येतेय." दुपारी मादी कुशीवर कलंडली. पोरीने तिला ओंजळीत घेतलं आणि तशीच उभी राहिली. रडू मलाच कोसळलं.

संध्याकाळी लाईट आली. सगळे पंप एकदम घुरघुरले. जिन्यापाशी स्क्रीन उजळली आणि वाचलेली झाडं दाखवायला लागली. तिच्यावर मी चप्पल कशी फेकली नाही, देव जाणे.

अंडी पांढरी पडली होती, एकूण एक. नर जगला होता आणि त्या पांढऱ्या अंड्यांवर अजून पर हलवत होता.

"मॅडम, ते कौल माझ्याच्याने नाही काढवत," पोरगी म्हणाली.

काढायला तर हवंच होतं. मेलेल्या अंड्यांनी पाणी नासलं असतं, तोही गेला असता. मी बाही वर केली आणि टाकीत हात घातला. एवढासा जीव, पण धावून आला आणि माझ्या बोटाला कडकडून चावला. मागे फिरला, परत आला, परत चावला. कुणावर रागवायचं, ते अख्ख्या दिवसात त्याला एकट्याला कळलं होतं.

मी हात बाहेर काढला नाही. म्हटलं, चाव रे बाबा. चाव.