मनोरा नेमका कुठल्या बाजूला

“उलटं छापलं असलं तरी कळणार कुणाला?” नवऱ्याने पुन्हा तेच विचारलं आणि शाईवाली नखांतली शाई खरवडत राहिली.

पुढच्या खोलीत दोरीवर कापडी पिशव्या वाळत होत्या. प्रत्येकीवर पाणीघराचं चित्र: तीन कमानी आणि उजवीकडे उंच मनोरा. जुन्या, विसरलेल्या इमारतींकडे लोकांनी बघावं म्हणून नगरपालिकेने मोहीम काढली होती आणि एकेकाळी गावाला पाणी पुरवणारं, आता बंद पडलेलं पाणीघर शहराची निशाणी ठरलं होतं. बसवर, फलकांवर, कपांवर तेच झळकणार होतं. पण आधी या पिशव्या, त्याही रविवारी, खुद्द पाणीघरासमोर वाटायच्या. पुढचं काम कुणाला द्यायचं, ते या पिशव्या बघून ठरणार होतं.

छपाई ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली. ते गेल्यावर छपाई तिची आणि शिवण नवऱ्याची, अशी वाटणी झाली. नखांतली शाई तर कधीच जायची नाही; सासूबाई म्हणायच्या, हिच्या हातची पोळीसुद्धा छापील दिसते. मजकुराची पारदर्शक फिल्म छपाईच्या जाळीवर ठेवताना ती अक्षरं वाचून बघायची. वाचता आली की बाजू बरोबर. पण या वेळी अक्षरांची फिल्म वेगळी, चित्राची वेगळी. अक्षरं सरळ उमटली. चित्रात वाचायला होतंच काय! फिल्म पाकिटात ठेवताना तिची खरबरीत बाजू बोटांना लागली, तेव्हा तिला शंका आली, जाळीवर आपण ती उलट्या बाजूने तर ठेवली नाही?

नगरपालिकेच्या ऑफिसला सुट्टी होती, विचारायला तिथे कुणी नव्हतं. मग घरातच साक्षीपुरावे सुरू झाले. सासूबाई ठामपणे म्हणाल्या, मनोरा डावीकडे. धाकटा दीर पाणीघरावरूनच रोज बस चालवायचा. त्याच्या मते उजवीकडे. त्यावर सासूबाई म्हणाल्या, तू रस्ता बघतोस की नाही याचीच मला आता काळजी वाटायला लागली. समोरच्या न्हाव्याला विचारलं, तर तो वस्तरा थांबवून म्हणाला, “तिथे मनोरा आहे?”

शाईवालीने पायात चपला सरकवल्या. आता तिला चुकीपेक्षा मनोऱ्याचंच जास्त पडलं होतं. इतकी वर्षं जाता-येता बघितलेली इमारत, आणि डोळे मिटले की समोर काही म्हणजे काही येत नव्हतं.

पाणीघरापुढे हातगाड्या लावलेल्या होत्या, भिंतीवर फाटक्या जाहिराती. ती मान वर करून उभी राहिली. मनोरा डावीकडे होता. म्हणजे चूक पक्की.

तिथून ती परत फिरणार होती, पण पाय निघेना. कमानींवर दगडात काहीतरी कोरलेलं होतं. पदराने धूळ झटकायला हात पोचेना, म्हणून ती एका हातगाडीवर चढली. गाडीवाला बघतच राहिला. प्रत्येक कमानीवर एक मासा होता. दोन मासे मनोऱ्याकडे तोंड करून, तिसरा मात्र बरोबर उलटा. खवलं तितकीच सुबक, शेपटी तितकीच ऐटदार, तोंड तेवढं भलतीकडे. तिला हसू फुटलं. त्या पाथरवटाच्या घरीही कुणीतरी म्हणालं असणार, कळणार कुणाला. आणि खरंच, आजवर कळलं नव्हतं.

घरी आली तर सगळे वाटच बघत होते. डावीकडे, असं तिने सांगितल्यावर सासूबाईंनी दिराकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला उठला.

नवऱ्याने शेवटचा प्रयत्न केला. “मागून बघितलं तर उजवीकडेच दिसेल की. आपण मागून छापलंय म्हणायचं.”

“मागे जाऊन आले. मागे कमानी नाहीत, नुसती भिंत आहे.”

मग तिने माशाचं सांगितलं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, नक्की उलटा? नवरा म्हणाला, मुद्दाम केला असेल. दीर आतून ओरडला, तिथे मासे पण आहेत? बराच वेळ पिशव्यांची आठवण कुणालाच राहिली नाही.

शाईवालीने दोरीवरची एक पिशवी काढली, शाई सुकली का ते बोटाने बघितलं आणि ती पालथी करून टेबलावर पसरली.

“मागच्या बाजूला सरळ चित्र छापते. खरं कुठलं, ते लोक वर मनोऱ्याकडे बघून ठरवतील. चूक माझी आहे, हे उद्या ऑफिसात मीच सांगणार. नाही पटलं तर सगळ्या पिशव्या नव्याने करून देऊ. आणि रविवारी घरातल्या सगळ्यांनी तिकडे यायचं.”