सोयाबीनच्या पातीतलं इंग्रजी

लिपिकाच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा इंग्रजीत. वडील म्हणाले, "हा शेवटचा फॉर्म. मंग स्थळं बघू." ते रागावले असते तर मी भांडले तरी असते. ते शांतपणे म्हणाले, म्हणून मला जास्त भीती वाटली.

माझं घोडं अडत होतं फ्रेझल व्हर्ब्जवर. साधा ‘लुक’. त्याच्यापुढे आफ्टर लावलं की सांभाळणं, फॉर लावलं की शोधणं. मी सगळे पाढ्यांसारखे घोकले, ओळीनं. परीक्षेत एखादा मधलाच आला की मनात पहिल्यापासून म्हणत यायचे, आणि तेवढ्यात वेळ संपायचा. इतका मूर्खपणा करूनही स्वतःला हुशार समजत होते, याची आता लाज वाटते.

त्या पावसाळ्यात साखरा गावच्या शिवारात आई आणि इतर बायांबरोबर मजुरीनं सोयाबीन खुरपायला जायचे. प्रत्येकीची एक पात, म्हणजे खुरपायच्या ओळींचा पट्टा. खुरपताना माझं घोकणं चालूच असायचं. आईला सहीपुरतंच लिहिता येतं. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं.

"सारखं पयल्यापासून काहून म्हणून राहिली? मधलं सांग की."

मला सांगता येईना. बाया हसल्या. मग आईनं नियमच केला. आमी कामातलं काही विचारू, तू इंग्रजीत सांगायचं. अडलीस तर विचारणारीची उरलेली पात तू खुरपायची.

बायांना आयतंच सापडलं. शेजारच्या काकूंनी रिकामी कळशी उपडी करून दाखवली, "पाणी सरलं. सांग." मी म्हटलं, रन आऊट. "मालक म्हन्तो, हजेरीचे पैसे उद्या देतो. रोजच उद्या." पुट ऑफ. चौथ्या प्रश्नाला अडले आणि काकूंची पात माझ्या गळ्यात पडली. रोज दोन-तीन पाती जादा व्हायच्या. कंबरेचा काटा ढिला झाला, पण पाढा मोडला.

एकदा आईनं विचारलं, "सासूपाशी मी पंधरा वर्सं काढली. मनातून नव्हतं, पन काढली. त्याला काय म्हन्तेत?"

मला उत्तर आलं नाही. मुकाट्यानं तिची पात खुरपली आणि घरी येऊन मोबाईलमध्ये शोधलं. पुट अप विथ.

परीक्षेत नेमकं तेच आलं. या वेळी पहिल्यापासून म्हणावं लागलं नाही. आईची वाकलेली पाठ दिसली आणि उत्तरावर बोट गेलं.

निकाल लागला तेव्हा सोयाबीनची काढणी चालू होती. मी धावतच शेतात गेले. बाया विळे टाकून उभ्या राहिल्या. आई मात्र कापतच राहिली.

"पास झालीस व्हय?"

"व्हय."

"मंग शेवटचा फॉर्म खराच शेवटचा झाला म्हनायचा," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "ये, माझी पात अर्धी राहिली."

मी तिच्या हातातला विळा घेतला. तिच्या पातीत मी पोटभर रडले, आणि पात बांधापर्यंत नेली.