ऋतुजाचा ताप म्या तीन दिवस लपवला

आज वरीस झालं. ऋतुजा मेली.

"देवाघरी गेली" आसं कमेंटमधी कुणी लिवू नका. देवाचं घर म्या पाह्यलं न्हाई. पोरीला सरणावर ठिवताना पाह्यलंय.

म्या दुसरी पास. फोनमधी बोलते, त्यो लिवतो. चुकलं आसंल तर चुकलेलं वाचा.

ऋतुजा माझी नात. भोरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला व्हती. तिच्या वर्गातली बारा जणं दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेकडं जंगलात जाणार व्हती. वरीसभर ओलं, झाडांतनं ऊन खाली येत न्हाई, आसलं जंगल. तिथं बाहेरनं आलेलं तण उपटायचं, तिथल्याच झाडांची रोपं लावायची. दहा दिवस.

म्या म्हणलं, "तण उपटायला येवढ्या लांब? आपल्या भुईमुगात काय कमी हाय व्हय?"

"आज्जे, त्याला व्हॉलंटियर म्हणत्यात."

"आमी जलमभर त्येच केलं. आमाला कुणी म्हणलं न्हाई."

लई हसली.

तिचा बाप, माझा ल्योक दत्ता, पाठवायला तयार न्हवता. साप हायेत, जळवा हायेत, परका मुलूख, त्यात पोरीची जात.

म्या म्हणलं, "दत्ता, माझ्या बापानं मला शाळंतनं काढलं तवा बी आसंच बोलला व्हता. तू माझा ल्योक का त्याचा?"

तवा त्यानं फॉर्मवर सही केली.

म्हंजी पाठवायचा हट्ट माझा. ह्ये ध्यानात ठिवा.

सरांनी यादी दिली व्हती. जळवा आत शिरू न्हाईत म्हणून गुडघ्यापत्तोर जाड कापडाचे मोजे. भोरच्या बाजारात मिळंनात. म्या ह्यांच्या जुन्या धोतराचे शिवले. तिनं घालून फोटो काढला.

"आज्जे, फॅशन बघ!"

"तुझ्या आज्याचं धोतार हाय त्ये, भवाने. नीट चाल."

पाठीवर वजन घिऊन चालायची सवय करा, आसं बी सर म्हणलेले. माझ्या माहेरनं, वेल्ह्याकडनं, तांदूळ आलेला. तिनं दहा किलो बॅगंत भरला. कॉलेजातनं आली की घरामागचा डोंगर चढायची. कमरंयेवढं गवत. वर बसून शेंगा खायची, मंग उतरायची.

त्याच गवतात म्या चाळीस वरसं भारे कापले. मला काय झालं न्हाई.

म्हणून म्या त्या लांबच्या जंगलाला भ्याले. घरामागच्या गवताला कोण भितं?

निघायला आठ दिस व्हते. सरांनी सांगितलेली इंजेक्शनं तिनं घेतली. नर्सबाई म्हणली, एखादा दिस कणकण येईल.

दुसऱ्या दिशी ताप आला. आमी म्हणलं, इंजेक्शनचा.

तिसऱ्या दिशी बी इंजेक्शनचाच म्हणलं.

कमरंवर, बॅगंचा पट्टा बसतो तिथं, एक काळी खपली व्हती. बिडीचा चटका बसल्यावाणी. दुखत न्हवती. म्या म्हणलं, पट्टा घासला. हळद आन तेल लावलं. चांगला जाड थर दिला.

तिचे आईबाप दोघंबी सारोळ्याला कामाला. दिवसभर घरात आमी दोघीच.

"आज्जे, पप्पास्नी सांगू नको. तापाचं कळलं तर डॉक्टरचा दाखला मिळायचा न्हाई. सर नाव काटतील."

"न्हाई सांगत."

आन खरं सांगते, मला बी दत्ताच्या तोंडनं "म्हणलं न्हवतं का" ऐकायचं न्हवतं.

सांजच्याला आईबाप यायच्या टायमाला ती तोंड धुवून, येणी घालून बसायची. म्या म्हणायची, चालून दमलीया पोर. तीन दिस दोघींनी नाटक केलं. लई झ्याक केलं.

तापाच्या चौथ्या दिशी ती उठंना.

भोरच्या डॉक्टरनं इचारलं, "काही चावलंय का? अंगावर डाग वगैरे?"

म्या पटकन म्हणलं, "कायबी न्हाई. इंजेक्शनचा ताप हाय त्यो."

तिच्या आईच्या आदी म्या बोलले. माझी जीभ कवाबी पुढंच.

ताप हटंना म्हणून पुण्याला न्हेली. तिथं डॉक्टरबाईनं हळद पुसली.

"आजी, हे कधीपासून आहे?"

"पट्टा घासलाय."

बाईनं वाकून खपली नीट बघितली. मंग म्हणली, "गवतातला बारीक किडा चावतो, त्याची खूण आहे ही. ताप त्याचाच आहे. लवकर कळलं असतं तर साध्या गोळ्यांनी उतरला असता."

साध्या गोळ्या.

दत्ता माझ्याकडं बघत व्हता. म्या भिताडाकडं.

चार दिस मशीनवर ठिवली. पाचव्या दिशी सकाळी मेली. जंगल तिनं फोनमधीच पाह्यलं.

दत्ता मला शिव्या देत न्हाई. "आई, जेव" म्हणतो. शिवी दिली आसती तर घास तरी उतरला आसता.

आता ह्ये सगळं आज का लिवते, त्ये ऐका.

औंदा सर पोरं घिऊन परत निघाल्यात. तीन पोरींच्या आईबापांनी नावं काढून घेतली. म्हणत्यात, ऋतुजाचं काय झालं बघा. काल त्यातली एक बाई पोरीला घिऊन माझ्या दारात आली.

"आत्या, तुमीच सांगा हिला. जंगल न्हाई तर काय, पोरीचा जीव मोठा."

पोर माझ्याकडं बघत उभी. माझ्या तोंडातनं शबूद फुटला न्हाई. चहा बी इचारला न्हाई. गेल्या दोघी.

म्हणून हितं लिवते, समद्या गावानं वाचावं म्हणून.

ऋतुजा जंगलात गेलीच न्हवती. तिला घरामागं चावलं. इंजेक्शनाचा बी काय दोष न्हाई, पोरास्नी द्या. ताप आला आन अंगावर काळी खपली दिसली तर त्यावर काय थापू नका. डॉक्टरला दावा. आन पोरगी म्हणली "सांगू नको", तर त्याच दिशी सांगा. रुसली तर रुसू द्या.

पोरींची नावं परत घाला.

ह्ये लिवून माझं मन हलकं झालं न्हाई. व्हायचं बी न्हाई. आता जगायचं म्हणून उठते, चूल पेटवते.

थोरानं धाकट्याला हात जोडू न्हाई म्हणत्यात.

जोडते. ऋतुजा, तुझ्या आजीचा तुला नमस्कार.